मिश्रण वेगळं करताना या चुका टाळा

मिठाचं पाणी फिल्टर पेपरातून गाळून राहिले अन् वर मीठ उरंल म्हणून वाट पाहून राहिले, ही चूक आपल्याकडच्या पोरांत सगळ्यात जास्त दिसते. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याकडच्या पोरांना तर हे घरीच कळायला पाहिजे, खाऱ्या विहिरीचं पाणी चार पदरी फडक्यातून गाळा की दहा पदरी, ते खारटच लागतं. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे कण इतके बारीक होतात की पाण्यासोबतच पेपरातून निघून जातात. म्हणून आधी पहा, काय विरघळलंय अन् काय नुसतं तरंगतंय किंवा बुडाशी बसलंय, पद्धत त्यावरून ठरते. रेती अन् मीठ एकत्र असेल तर पाणी टाकून ढवळा, रेती गाळून घ्या, मग खालचं पाणी आटवा.

गाळतानाही घाई नडते. पावसाळ्यातलं वर्धा नदीचं गढूळ पाणी एकदम ओतलं की पेपर गाळानं बुजतो, मग कोणीतरी काडीनं टोचतं अन् पेपर फाटतो. तुरटी फिरवा, निवळू द्या, वरचं पाणी आधी गाळा, बुडाचा गाळ शेवटी. पेपर नरसाळ्यात बसवून आधी ओला करा, अन् पाणी त्याच्या काठाच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर ते बाजूनं न गाळताच उतरतं. आणि हे पाणी कितीही नितळ दिसलं तरी त्यात जंतू असू शकतात, प्यायचं असेल तर उकळाच.

आता मोरचूद. संत्र्याच्या बागेवर बोर्डो, म्हणजे मोरचूद अन् चुन्याचं बुरशीनाशक, मारणाऱ्यांच्या घरी हे निळे खडे असतातच, शाळेतही स्फटिक करायला हेच देतात, अन् पोरं द्रावण पार कोरडं होईपर्यंत तापवत बसतात. मोरचुदात कॉपर सल्फेटच्या एकेका रेणूमागं पाण्याचे 5 रेणू बांधलेले असतात, निळा रंग त्यांच्यामुळंच, जास्त तापवलं की ते पाणी उडतं अन् हाती पांढरट भुकटी राहते. त्यापेक्षा गरम पाण्यात विरघळवा, गाळा, थोडं आटवा, काचेच्या कांडीवर थेंब घ्या, गार होताना त्यात कण दिसले की आच बंद. मग भांडं झाकून रात्रभर हलवूच नका. हळू गार झालं तर खडे मोठे येतात, फ्रीजमधी घातलं तर बारीक रवा. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात करू नका, त्यावर तांबं चढतं, काचेचंच घ्या. अन् मोरचूद विषारी आहे, त्यामुळं स्वयंपाकाचं भांडं तर अजिबात नाही, नंतर हात साबणानं धुवा.

जवसाचं तेल अन् पाणी वेगळं करताना विभाजक नरसाळ्याची तोटी उघडूनही धार अडकत असेल तर वरचं बूच काढायचं राहिलंय. तेल अन् पाण्याच्या मधला थोडा भाग वेगळ्या भांड्यात सोडा, नाहीतर तेल पाण्यात उतरतं.

ऊर्ध्वपातनात, म्हणजे द्रव उकळून त्याची वाफ पुन्हा गार करून गोळा करताना, गार पाणी वाफेच्या नळीभोवतीच्या कवचात खालून घाला, वरून घातलं तर कवच भरत नाही. थर्मामीटरचा गोळा द्रावणात बुडवू नका, वाफ बाजूच्या नळीत वळते तिथं ठेवा, कारण आपल्याला वाफेचं तापमान पाहिजे.

क्रोमॅटोग्राफीत, म्हणजे कागदावर पाणी चढवून शाईतले रंग वेगळे करताना, ठिपक्यासाठी रेघ पेन्सिलनं मारा, स्केचपेनची रेघ स्वतःच पसरते. शाईचा ठिपका पाण्याच्या वर राहू द्या, बुडाला तर रंग वर चढायच्या ऐवजी पाण्यातच उतरतो. ठिपका बॉलपेनचा असेल तर साध्या पाण्यात तो हलणार नाही, त्याची शाई पाण्यात विरघळत नाही, त्याला स्पिरिट लागतं, अन् ते जवळ असताना पेटता दिवा नको.