मोटरहोमच्या मेळाव्याला पहिल्यांदा निघालात? या चुका टाळा

मार्चमध्ये आम्ही जॉर्जियातल्या पेरीला मोटरहोमवाल्यांच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या, मेळाव्याला निघालो की न्यू जर्सीतल्या ओळखीच्या मराठी घरांतून फोन येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "नवीन गाड्या किती बघायला मिळतील?" गाड्या पुष्कळ असतात. पण स्वतःची किंवा भाड्याची मोटरहोम घेऊन कुणी पहिल्यांदाच येणार असेल, तर मी आधी विचारतो की पाण्याची टाकी किती गॅलनची आहे, वीज किती अँपिअरची बुक केली आहे आणि गाडी समतल करणाऱ्या जॅकखाली ठेवायला फळ्या घेतल्या आहेत का. आमच्या पहिल्या मेळाव्यात या तिन्ही गोष्टींनी आम्हाला रडवलं होतं.

या मेळाव्यांमागचा इतिहास मला फार आवडतो. २० जुलै १९६३ रोजी खग्रास सूर्यग्रहण पाहायला मेन राज्यातल्या हिंकली गावातल्या एका शाळेच्या आवारात २६ कुटुंबं आपापल्या मोटरहोम घेऊन जमली होती. त्यातून फॅमिली मोटर कोच असोसिएशन, म्हणजे एफएमसीए, उभी राहिली. आजही जुन्या सभासदांच्या गाडीवर नंबर कोरलेली अंडाकृती पाटी दिसते. तिला सगळे प्रेमाने 'गूज एग' म्हणतात. गाड्यांचं प्रदर्शन हा मेळाव्याचा एक भाग झाला. त्याखेरीज चार दिवस मैदानावर एक गाव वसतं, आणि त्यात तुम्ही आपलं घर, पाणी आणि सांडपाणी सोबत घेऊन राहता. हे आधी ध्यानात घेतलं नाही की एकामागून एक चुका होत जातात.

रस्ता ठरवताना

एडिसनहून पेरी साधारण नऊशे मैल. कारच्या सवयीने फोनवरचा नकाशा लावून निघू नका. बाल्टिमोरला आय-९५ आणि आय-८९५ हे दोन्ही रस्ते बोगद्यांतून जातात, आणि १० पौंडांहून मोठी प्रोपेन गॅसची टाकी असलेली गाडी त्या बोगद्यांत चालत नाही. बहुतेक मोटरहोमच्या पोटात प्रोपेन असतोच. पूर्वी आम्ही फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून वळसा घ्यायचो, पण २६ मार्च २०२४ रोजी जहाजाच्या धडकेने तो पूल कोसळला. आता आय-६९५ची पश्चिमेकडची बाजू धरावी लागते. कारचा नकाशा यातलं काही सांगत नाही. गाडीची उंची, लांबी आणि प्रोपेन असल्याची माहिती देता येईल असा मोटरहोमसाठीचा जीपीएस वापरा, आणि छतावरच्या एसीसकट गाडीची उंची कागदावर लिहून चालकासमोर चिकटवा.

मागे कार ओढत नेणार असाल (तिला तिकडे 'टोड' म्हणतात), तर चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढलेल्या कारसह मागे जाता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. दोन-चार फूट मागे घ्यायला गेलात तरी जोडदांडा वाकू शकतो. पेट्रोल पंपात शिरण्याआधी बाहेर पडायची वाट बघून ठेवा.

पोहोचताना

मित्रांच्या गाडीशेजारी जागा हवी म्हणून लोक नुसते फोनवर बोलून ठेवतात. मैदानावर ते चालत नाही. स्वयंसेवक गाड्या आल्या क्रमाने रांगेत लावतात, त्यामुळे शेजार हवा असेल तर आधी कुठेतरी भेटा आणि फाटकातून एकापाठोपाठ एक आत या. नोंदणीपत्रावर पोहोचण्याचा दिवस दिलेला असतो. त्याच्या आदल्या रात्री फाटकाशी येऊन उभे राहू नका.

आता जमिनीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच आमचं नुकसान झालं. जॉर्जियाची माती लाल आणि चिकण, आणि मार्चमध्ये पाऊस हमखास. आम्ही संध्याकाळी कोरड्या गवतावर गाडी लावली, बटण दाबून हायड्रॉलिक जॅक खाली सोडले आणि गाडी समतल झाली. रात्रभर पाऊस पडला. सकाळी कॉफीचा कप टेबलावरून आपोआप घसरू लागला, तेव्हा बाहेर येऊन पाहिलं. पुढच्या उजव्या जॅकचा थाळीएवढा पाय मातीत पूर्ण गाडला गेला होता. वर फक्त चकचकीत दांडा दिसत होता आणि त्याच्याभोवती लाल पाण्याचं वर्तुळ. जॅक वर घेतला की चिखल पायाला ओढून धरायचा. शेजारच्या आजोबांनी आपल्या गाडीखालच्या कप्प्यातून पाऊण इंच जाडीच्या प्लायवुडचे दीड-दीड फुटांचे चौकोन काढून दिले. प्रत्येकाच्या कोपऱ्याला भोक पाडून दोरीची मूठ ओवलेली होती, म्हणजे चिखलातून ओढून काढता येतात. तेव्हापासून तसे सहा तुकडे आमच्या गाडीत कायम असतात.

जॅकच्या बाबतीत आणखी एक चूक धोक्याची आहे. उतारावर गाडी समतल करायच्या नादात मागची चाकं जमिनीवरून उचलू नका. मोटरहोमचा पार्किंग ब्रेक मागच्या चाकांवरच चालतो. ती हवेत गेली की गाडीला धरून ठेवणारं काही उरत नाही आणि ती जॅकवरून सरकू शकते. उतार जास्त असेल तर मागच्या चाकांखाली फळ्या घाला, नाहीतर जागा बदलून मागा.

वीज, जनरेटर आणि आपला स्वयंपाक

नोंदणी करताना विजेचा रकाना घाईत भरू नका. ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन तारा असतात, म्हणून तिथे १२,००० वॉटपर्यंत वीज मिळते. ३० अँपिअरवर मिळते फक्त ३,६०० वॉट. नाव ५० आणि ३० असलं, तरी फरक तिपटीहून जास्त आहे. छतावरचा एक एसी साधारण १,५०० वॉट, इंडक्शन शेगडी १,८०० आणि पाणी तापवायचा हीटर १,४०० खातो. दुपारी बारा वाजता आपल्याकडे हे तिन्ही चालू असतं, वर कुकर लावलेला असतो, आणि ३० अँपिअरचा ब्रेकर पडतो. तोच ब्रेकर पुन्हा पुन्हा चढवत बसू नका. हीटर प्रोपेनवर घ्या, आणि इंडक्शन चालू असेपर्यंत एसी बंद ठेवा.

मैदानावरच्या तारा लांबून आणलेल्या असतात आणि सगळ्यांचे एसी एकाच वेळी चालू होतात, त्यामुळे दुपारी व्होल्टेज उतरतं. ते १०५च्या आसपास आलं की एसीच्या कॉम्प्रेसरवर ताण येतो. अशा वेळी आपोआप जोडणी तोडणारं संरक्षक यंत्र बसवून घ्या. त्याची किंमत एका कॉम्प्रेसरपेक्षा कितीतरी कमी आहे.

वीज न घेता राहणार असाल तर जनरेटरच्या वेळा पाळा. झोपताना कोणाच्या धुराड्याचं तोंड तुमच्या खिडकीकडे आहे आणि तुमच्या धुराड्याचं कुणाकडे आहे, हे रोज बघा. गाड्या इतक्या जवळ उभ्या असतात की शेजाऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड तुमच्या उघड्या खिडकीतून आत येऊ शकतो. त्याला वास नसतो. आपला डिटेक्टर चालू आहे का आणि मागे छापलेली त्याची मुदत संपली आहे का, हे निघण्यापूर्वी तपासा. हे यंत्र काही वर्षांनी निकामी होतं, म्हणून नुसत्या हिरव्या दिव्यावर विसंबू नका.

फोडणीचंही सांगून ठेवतो. मिरचीची फोडणी आत दिली की धुराचा भोंगा वाजणारच, आणि मग लोक त्याची बॅटरी काढून ठेवतात. ती चूक कधीच करू नका. बाहेर घडीचं टेबल मांडून छोट्या शेगडीवर फोडणी द्या. कढीपत्त्याच्या वासाने आमच्याकडे जितके शेजारी ओळख करून घ्यायला आले, तितके दुसऱ्या कशानेच आले नसतील.

पाणी आणि टाक्या

चार दिवस नळ मिळणार नाही असं धरून चला. ताज्या पाण्याची टाकी मैदानाजवळ आल्यावर भरा, कारण एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचं असतं आणि ८० गॅलन म्हणजे साडेसहाशे पौंडांहून जास्त वजन नऊशे मैल वाहून न्यावं लागतं. भांडी घासण्याआधी कागदाने पुसून घेतली की करड्या पाण्याची, म्हणजे भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याची, टाकी बरीच उशिरा भरते. टाकी उपसणारा ट्रक मैदानात फिरतो, पण त्याला आदल्या दिवशी सांगावं लागतं. टाकी भरल्याचा दिवा लागेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

प्रदर्शनात

प्रदर्शनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या मेळाव्यात गाडी विकत घेऊ नका. "ही किंमत फक्त आजच" असं सांगितलं जाईल. तरी तुम्ही हात आखडता घ्या. ज्यांना नुसत्या गाड्याच बघायच्या आहेत, त्यांनी सप्टेंबरमध्ये पेनसिल्वेनियातल्या हर्शीच्या मोटरहोम प्रदर्शनाला तिकीट काढून जावं. न्यू जर्सीहून अडीच-तीन तासांत पोहोचता येतं आणि सोबत मोटरहोम न्यावी लागत नाही.

गाडीत शिरलात की टीव्हीसमोरच्या सोफ्यावर बसून बाहेर पडू नका. विक्रेत्याला सगळे स्लाइड, म्हणजे भिंतीसकट बाहेर सरकणारे भाग, आत घ्यायला सांगा. मग शौचालयापर्यंत जाता येतं का? फ्रिज उघडतो का? रस्त्यात विश्रांतीच्या थांब्यावर गाडी अशीच असणार. शॉवरमध्ये उभे राहून कोपर वळवून बघा, पलंगावर दोघं आडवे व्हा. आमच्यासोबत आलेल्या एका जोडप्याला लाखो डॉलरच्या गाडीत मोठं पातेलं बसेल असं एकही कपाट सापडलं नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे दाराजवळची वजनाची पाटी. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील आणि भरलेल्या पाण्याचं वजन किती, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. भल्या मोठ्या, देखण्या गाडीतही हा आकडा धक्का बसेल इतका लहान निघतो. त्यातून पाणी आणि चार माणसं वजा करा, कार ओढणार असाल तर हुकवर येणारा तिचा भारही. उरेल त्यात भांडीकुंडी, कपडे आणि हत्यारं बसवायची.

दारालगतचा आरव्हीआयएचा, म्हणजे या गाड्या बनवणाऱ्यांच्या उद्योग संघटनेचा, शिक्काही लोकांना फसवतो. तो वीज, गॅस, नळ आणि आगीच्या सुरक्षेचे नियम पाळल्याचं कंपनीचं आश्वासन असतं. कपाटाची बिजागरी किंवा छताचा जोड चांगला आहे, असं तो सांगत नाही. नव्या गाडीसाठीसुद्धा स्वतंत्र तपासनीस आणा आणि त्याचा अहवाल हातात आल्यावरच उरलेले पैसे द्या.

वर्ग चुकवू नका

लोक तीन दिवस गाड्या बघत फिरतात आणि टायर, आग, ब्रेक यांवरचे वर्ग सोडून देतात. मेळाव्याचा खरा लाभ मला तिथेच झाला. टायरवरच्या डीओटी (अमेरिकी वाहतूक खात्याच्या) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचायला मी तिथे शिकलो. ३५२० म्हणजे २०२० सालातल्या ३५व्या आठवड्यात बनलेला टायर. मोटरहोमचे टायर नक्षी झिजण्याआधीच वयाने जातात, त्यामुळे सात वर्षांच्या आसपासचा टायर नवा दिसला तरी त्याच्यावर विसंबू नका. मेळाव्यात प्रत्येक चाकाचं वेगळं वजन करून देणारे असतील, तर पैसे भरून ते करून घ्या. आमच्या गाडीची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी जड निघाली, कारण फ्रिज, स्वयंपाकघर आणि आमचं सगळं धान्य त्याच बाजूला होतं. हवेचा दाब त्या आसावरच्या जड चाकाप्रमाणे ठरवायचा आणि दोन्ही बाजूंना सारखाच भरायचा.

परतताना

शेवटच्या सकाळी टाक्या रिकाम्या करायच्या जागी लांब रांग लागते. आदल्या दुपारीच ते उरका, किंवा वाटेतल्या एखाद्या तळावर पैसे देऊन करा. टायरमधली हवा पहाटे, चाकं थंड असताना मोजा. मग एकाने इंजिन सुरू करण्याआधी दुसऱ्याने गाडीभोवती पूर्ण फेरी मारायची. अँटेना खाली, पायरी आत, विजेची तार काढलेली, कप्प्यांना कुलूप, जॅक वर. आणि चिखलातले प्लायवुडचे सहा तुकडे दोरीने ओढून, मोजून आत.