सर्फॅक्टंट वाढवला, तरी औषध त्वचेतून कमी का जातं? या चुका टाळा

जेलमध्ये थोडा सर्फॅक्टंट (साबणासारखं, तेल आणि पाणी दोन्हींशी जुळणारं द्रव्य) घातला, औषध त्वचेतून जास्त गेलं. उत्साहाने प्रमाण दुप्पट-तिप्पट केलं आणि आकडा घसरला. प्रयोगशाळेत हे इतक्या वेळा घडतं की पहिली चूक हीच धरायला हवी.

त्वचेत शिरतं ते मोकळं औषध. सर्फॅक्टंटचं प्रमाण सीएमसीच्या (मिसेल बनायला सुरुवात होते त्या किमान प्रमाणाच्या) वर गेलं की त्याचे रेणू एकत्र येऊन मिसेल, म्हणजे सूक्ष्म गोळे, बनतात आणि तेलात विरघळणारं औषध त्यांच्या पोटात जाऊन बसतं. एकूण औषध तेवढंच राहतं, पण त्वचेकडे ढकलणारा जोर कमी होतो. सोडियम लॉरिल सल्फेटची शुद्ध पाण्यातली सीएमसी २५ अंश सेल्सिअसला सुमारे ८ मिलिमोलर, म्हणजे साधारण ०.२३ टक्के. पॉलिसॉर्बेट ८० या दुसऱ्या सर्फॅक्टंटची त्याहून शेकडो पटींनी कमी. त्यामुळे एकाचं प्रमाण दुसऱ्याला जसंच्या तसं लावू नका. शिवाय क्षार मिसळले की आयनिक (विद्युतभार असलेल्या) सर्फॅक्टंटची सीएमसी आणखी खाली येते. पुस्तकातला आकडा पाण्याचा असतो, तुमच्या बफरचा (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारद्रावणाचा) नव्हे.

उपाय सोपा आहे, पण कंटाळा करून टाळला जातो. सर्फॅक्टंटच्या प्रत्येक प्रमाणाला औषधाची विद्राव्यता मोजा आणि सगळी मिश्रणं सारख्याच संपृक्ततेवर (जास्तीत जास्त विरघळू शकणाऱ्या औषधाच्या सारख्याच हिश्श्यावर) ठेवून तुलना करा. औषध न विरघळलेल्या कणांच्या रूपात शिल्लक असेल, तर मिसेल वाढूनही जोर टिकतो. एकाच सर्फॅक्टंटबद्दल दोन उलट निष्कर्ष निघतात, त्यामागे बऱ्याचदा हा फरक असतो.

वाढ दिसली तरी ती कशामुळे, हे न तपासणं ही दुसरी चूक. आधी नुसता सर्फॅक्टंट लावा, पुसून काढा, मग औषधाचं साधं द्रावण ठेवा. औषधाचा प्रवाह तरीही वाढला, तर स्ट्रॅटम कॉर्नियममध्ये (त्वचेच्या सर्वात वरच्या थरात) बदल झालाय. नाही वाढला, तर करामत बहुधा विद्राव्यतेची होती. इथे सिलिकॉनचा पडदा कामाचा नाही. त्यात केराटिनही नाही आणि त्वचेतली मेदद्रव्यंही नाहीत, मग सर्फॅक्टंट विस्कटणार काय? उंदराची त्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा औषध जास्त आत सोडते, म्हणून आकडे फुगतात. डुकराच्या कानाची त्वचा बरीच जवळची.

फ्रान्झ सेलमध्ये (पडद्यातून किती औषध जातं ते मोजायच्या दोन कप्प्यांच्या उपकरणात) पांढरा गाळ दिसला तर आधी बफरची बाटली बघा. पोटॅशियम फॉस्फेट असेल, तर लॉरिल सल्फेटचं पोटॅशियम मीठ खाली बसलेलं असू शकतं. सोडियमचा बफर घ्या. औषध धनभारित असेल, उदाहरणार्थ लिडोकेन हायड्रोक्लोराइड, तर ऋणभारित सर्फॅक्टंटशी त्याची जोडी जमून गाळ होऊ शकतो. तिथे नॉन-आयनिक (भार नसलेला) निवडा.

सिंक स्थिती राखायला (पलीकडे गेलेलं औषध साचून प्रवाह रोखू नये म्हणून) रिसेप्टरमध्ये, म्हणजे पडद्याखालच्या कप्प्यात, भरमसाट सर्फॅक्टंट घालणाऱ्यांनी जरा थांबावं. तो खालून पडदा बिघडवतो आणि श्रेय डोनरमधल्या (वरच्या कप्प्यातल्या) फॉर्म्युल्याला मिळतं. औषधाविना एक सेल लावून पडद्याचा विद्युतरोध सुरुवातीला आणि शेवटी मोजा.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते त्वचेच्या त्रासाकडे होणारं दुर्लक्ष. सोडियम लॉरिल सल्फेट पॅच टेस्टच्या अभ्यासात मुद्दाम दाह उठवायला वापरतात, इतका तो ठरलेला क्षोभक आहे. आलेख उंच गेला म्हणून खूश होण्याआधी त्वचेतून उडणाऱ्या पाण्याचं मोजमाप घ्या, आणि सर्फॅक्टंट धुतल्यावर त्वचेचा अडसर किती वेळात पूर्ववत होतो तेही बघा. हे मलम रुग्ण रोज लावणार आहे.

नाक आणि गालाची आतली बाजू यांच्या श्लेष्मल त्वचेला स्ट्रॅटम कॉर्नियमचं कवच नसतं, म्हणून त्वचेसाठीचं प्रमाण तिथे उचलून नेऊ नका. नाकातून द्यायच्या डायझेपामच्या फवाऱ्यात डोडेसिल माल्टोसाइड वापरलंय. तो नॉन-आयनिक आहे आणि थोड्या प्रमाणातही काम करतो.

जाता जाता परिरक्षकाचं, म्हणजे जंतूंपासून क्रीम टिकवणाऱ्या द्रव्याचं. पॉलिसॉर्बेट पॅराबेन या परिरक्षकालाही मिसेलमध्ये ओढून घेतं आणि क्रीममध्ये बुरशी येऊ शकते. सर्फॅक्टंटचं प्रमाण बदललं की जंतुरोधक चाचणी पुन्हा करावीच लागते.