क्रँक पुलीला नुसती पुली समजू नका: या चुका टाळा

पट्टा कुरकुरतो म्हणून गाडी गॅरेजात जाते, नवा पट्टा घालून परत येते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तोच आवाज. अशा वेळी क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या (थोडक्यात क्रँकच्या), पुढच्या टोकाची पुली नीट बघा. बऱ्याच गाड्यांत ही पुलीच डॅम्पर, म्हणजे क्रँकचं पिळणं शोषणारा भाग, असते: आत हब (मधला भाग), बाहेर जड कडं, दोघांमध्ये रबराचा थर.

सिलिंडरमधल्या प्रत्येक स्फोटाने पोलादी क्रँकही किंचित पिळला जातो आणि लगेच उलट सुटतो. मागे फ्लायव्हील हे जड चाक असतं, म्हणून ते टोक फारसं हलत नाही. पुलीचं टोक मोकळं, तिथे हेलकावे सर्वांत मोठे. सरळ सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात तीन स्फोट होतात. क्रँकची पिळण्याची नैसर्गिक वारंवारता ३०० हर्ट्झ असेल, तर ६,००० आरपीएमला (मिनिटाला ६,००० फेरे) स्फोटांचे झटकेही सेकंदाला बरोबर ३०० पडतात आणि झोक्याला लयीत धक्के द्यावेत तसं पिळणं वाढत जातं. १९०५-०६ च्या काळात रोल्स-रॉइसच्या सहा सिलिंडर गाडीचे क्रँक याच पिळण्याने मोडत होते.

"बॅलन्सिंग केलंय की!" हे उत्तर इथे चालत नाही. सरळ सहाचं इंजिन तर मुळातच उत्तम बॅलन्स असतं, तरी लांब क्रँकमुळे त्यालाच हा त्रास जास्त. बॅलन्सिंगने इंजिनाचं हादरणं कमी होतं, क्रँकचं पिळणं नाही.

मला सर्वांत जास्त खटकते ती हौसेची चूक. पिकअप वाढावा म्हणून डॅम्पर काढून हलकी अॅल्युमिनियमची पुली बसवतात. गाडी थोडी चपळ वाटते खरी, पण पिळणं शोषणारं काहीच उरत नाही. त्याची किंमत मेन बेअरिंग, ऑइल पंपाचे गिअर आणि कधी खुद्द क्रँक मोजतो. कंपनीनेच साधी पुली दिलेली छोटी इंजिनं असतात, त्यांची गोष्ट वेगळी.

पुली काढताना पुलरचे (ओढून काढण्याच्या अवजाराचे) पंजे बाहेरच्या कड्याला लावू नका, रबर सुटतं. हबच्या भोकांत बोल्ट घालून ओढा. बसवताना हातोडा तर नकोच, क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगला मार बसतो.

रबराबद्दल शंका असेल तर हब, रबर आणि कडं यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. काही दिवस गाडी चालवून पाहा. रेघ तुटलेली दिसली तर कडं सरकलंय, डॅम्पर बदला. जुन्या गाड्यांत टायमिंगची, म्हणजे ठिणगी नेमकी केव्हा पडते ते तपासण्याची, खूण याच कड्यावर असते. कडं सरकलं की टायमिंग लाइट खोटं दाखवते आणि मिस्त्री बरोबर असलेलं टायमिंग बिघडवून ठेवतो.

जुनी अमेरिकन व्ही-८ दुरुस्त करणाऱ्यांनी आणखी जपावं. फोर्ड ३०२ या इंजिनाच्या डॅम्परवर बॅलन्सचं वजनही असतं: आधी २८ औंस-इंच (असंतुलनाचं माप), १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ५०. दिसायला सारखा म्हणून दुसरा बसवला, तर इंजिन थरथरणारच.

नवा डॅम्पर लावण्याआधी पुढचं ऑइल सील तपासा, कारण गळणारं तेल रबर खातं. मॅन्युअलमध्ये नवा बोल्ट सांगितला असेल तर जुना परत वापरू नका, आणि टॉर्क रेंचनेच आवळा. काही इंजिनांत वाल्व्हची वेळ जुळवणारी टायमिंगची स्प्रॉकेटही (दातेरी चाक) याच बोल्टच्या दाबावर धरलेली असते. तिथे टायमिंग लॉक न करता बोल्ट सैल केला की वाल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात.