नागपुरात सायकल ट्रॅक मागताय? मग या चुका टाळा

आपल्याकडे सायकलसाठी काही करायचं म्हटलं की पहिले रविवारची रॅली निघते, फुटाळ्यापासून सेमिनरी हिल्स, टी-शर्ट, फोटो, आणि सोमवारी रस्ता जसा होता तसाच. रॅली काढू नका असं नाही म्हणत मी, लोक जुळतात त्यानं. पण जो माणूस रोज सायकलनंच जातो तो त्या रॅलीत नसतो ना! तो हिंगणा एमआयडीसीच्या शिफ्टला गेलेला असतो, नाहीतर कळमन्याच्या मार्केटात, आणि घरकामाच्या ताई तेव्हा धरमपेठेत दुसऱ्या घरी पोचलेल्या असतात. त्यांना न विचारता ट्रॅक मागणं ही सगळ्यात मोठी चूक आहे आणि बाकीच्या बऱ्याच गडबडी इथूनच सुरू होतात.

म्हणून मोजणी रविवारी करू नका. कामाच्या दिवशी सकाळी 7 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 8 एका चौकात दोघं जण वही घेऊन उभे राहा, किती सायकली गेल्या, बाया किती, शाळेची पोरं किती, सामान लादलेल्या किती, कुठून कुठे चालले ते थांबवून विचारा. इंजिनिअर साहेबांसमोर हा कागद ठेवला की बोलणं बदलतं.

दुसरी चूक उशिराची. सिमेंट रोड एकदा ओतला की सायकलसाठी तो पुन्हा कोणी फोडत नाही, त्यामुळे मागणी टेंडरच्या आधी जायला पाहिजे. मनपाचे 10 झोन आहेत, आपल्या झोन ऑफिसात जाऊन कोणत्या रस्त्याचं काम निघणार आहे ते विचारा, नाही सांगितलं तर 10 रुपये भरून माहिती अधिकार टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि त्याच्याही आधी रस्ता कोणाचा ते बघा, मनपाचा, नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यास), पीडब्ल्यूडीचा की नॅशनल हायवेचा, नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

"शहरभर ट्रॅक करा" हे नका मागू. केंद्राच्या सायकल्स फॉर चेंज चॅलेंजमध्ये, म्हणजे सायकलसाठी शहरांची जी स्पर्धा झाली त्यात, नागपूर पहिल्या 11 शहरांत आलं होतं, म्हणजे सायकल का पाहिजे हे इथं पहिल्यापासून समजावायची गरज नाही. एकच रस्ता धरा, वस्तीपासून शाळा किंवा मेट्रो स्टेशन, दोन-तीन किलोमीटर, पण तुटक नको, पूर्ण.

ट्रॅक झाला पण त्यावर गाड्याच उभ्या राहतात? मग तो नुसता रंगाचा पट्टा असेल. रंगानं कोणी थांबत नाही, कडेला उंच कर्ब किंवा खांब पाहिजेत, आणि खांबांमध्ये इतकी जागा सोडा की कार शिरणार नाही पण तीनचाकी सायकल, व्हीलचेअर जाईल. दुकानदारांशी काम सुरू व्हायच्या आधी बसा, त्यांच्या गिऱ्हाईकांची पार्किंग कुठे होईल ते ठरवा. "अतिक्रमण हटाव" असा बोर्ड घेऊन गेलात तर सगळी गल्ली विरोधात जाते, आणि ठेलेवाले भाऊ तर स्वतःच सायकलवर येतात, त्यांना सोबत घ्यायचं सोडून कशाला दुखवता.

आता ट्रॅक मोकळा आहे तरी सायकलवाले रस्त्यावरूनच जाऊन राहिले, तर त्यांच्यावर चिडू नका, स्वतः चालवून बघा. सिमेंटची कड आणि गट्टू (पेव्हर ब्लॉक) यांत उंचीचा फरक असतो तिथे चाक घसरतं, नालीच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेनं असल्या तर टायर अडकतो, म्हणून जाळी आडवी बसवून घ्या. बहुतेक ट्रॅक चौकाच्या आधीच संपतात, जिथे डावीकडे वळणाऱ्या गाड्या अंगावर येतात तिथेच सायकलवाला एकटा पडतो. चौकातली क्रॉसिंग ड्रॉइंगमध्ये नसेल तर सही करू देऊ नका, बाकी कशावरही थोडं मागेपुढे चालेल पण यावर नाही. सावलीचंही तसंच, मे महिन्यात 45 डिग्री असते तेव्हा झाडं तोडून केलेला ट्रॅक दुपारी कोण वापरेल?

मीटिंग झाली की काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, हे लेखी घ्या. पहिला पावसाळा गेला की पूर्ण ट्रॅक परत एकदा चालवा आणि जिथे पाणी साचलं, गट्टू खचले, त्या जागांचे फोटो तारखेसकट झोनला द्या.