हत्तीरोगाच्या कृमीतला वोल्बाकिया: या चुका टाळा

वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी आणि ब्रुगिया मलायी या हत्तीरोगाच्या कृमींच्या अंगात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात. मादीच्या अंड्यातून ते पुढच्या पिढीत जातात. ते नष्ट केले की मादीच्या गर्भाशयात गर्भ वाढेनासे होतात आणि पुढे कृमीच मरते. विषय इतका सुंदर आहे, पण दरवर्षी प्रबंध तपासताना त्याच त्या चुका समोर येतात.

सगळ्यात जास्त मनस्ताप देणारी चूक म्हणजे हत्तीरोग पसरवणाऱ्या डासात वोल्बाकिया सापडला की हत्तीरोग सापडला असं मानणं. एका विद्यार्थिनीने विदर्भात गटारांवरचे क्युलेक्स डास गोळा केले आणि त्यांच्यावर थेट वोल्बाकियाचा पीसीआर (जनुकाचा तुकडा ओळखणारी चाचणी) लावला. जवळजवळ प्रत्येक नमुन्यात पट्टी आली, म्हणजे जिवाणू असल्याची खूण. लगेच पोस्टर तयार झालं, त्यावर संसर्गाचे भले मोठे आकडे. एकही डास फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला नव्हता. मग प्रयोगशाळेत वाढवलेले, माणसाचं रक्त कधीच न चाखलेले क्युलेक्स तपासायला लावले, तर त्यांच्यातही तीच पट्टी! क्युलेक्सचा स्वतःचा वोल्बाकिया असतो. १९२४ मध्ये हर्टिग आणि वोल्बाक यांना हा जिवाणू पहिल्यांदा दिसला तोच मुळी क्युलेक्समध्ये. अख्खा पावसाळा वाया गेला आणि पोस्टर मागे घ्यावं लागलं.

माझी सवय अशी: आधी थोडे डास फाडून कृमीच्या अळ्या शोधायच्या, मग कृमीच्याच जनुकाचा पीसीआर. वोल्बाकियाची पट्टी आलीच तर तिच्या डीएनएचा क्रम काढायचा. क्युलेक्सचा जिवाणू बी गटातला, वुचेरेरियाचा डी गटातला; क्रम वाचला की वाद उरत नाही. फाडकाम किचकट आहे, डोळे दुखतात, म्हणून नवी मुलं ते टाळतात. ज्यांना ते करायचं नाही त्यांनी डासांवर काम करू नये.

दुसरी चूक घाईची. कृमींची लागण केलेल्या जर्डना (प्रयोगशाळेतले उंदरासारखे प्राणी) डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक द्यायचं आणि आठवड्याभरात कृमी जिवंत दिसल्या की ‘औषध निष्प्रभ’ असं लिहून मोकळं व्हायचं. अरे, हे औषध कृमीवर नाही, जिवाणूवर चालतं! आधी वोल्बाकिया कमी होतात, मग गर्भांची वाढ थांबते, रक्तातले जुने मायक्रोफायलेरिया (कृमीची पिल्लं) आपलं आयुष्य संपवून हळूहळू जातात आणि प्रौढ कृमी सगळ्यात शेवटी. माणसांतल्या चाचण्यांत रोज १०० ते २०० मिलिग्रॅम असं ४ ते ६ आठवडे औषध दिलं, तरी प्रौढ कृमी मरायला वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ लागतो. म्हणून मी आधी मादी उघडून गर्भाशयातले गर्भ पाहते. ते विस्कटलेले दिसले की औषधाचा परिणाम सुरू झाला असं समजते.

आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची कृमी? अकँथोचिलोनेमा व्हिटी या कृमीत वोल्बाकिया नसतो आणि टेट्रासायक्लिन गटातल्या औषधाने तिचं काही बिघडत नाही. तिला सोबत ठेवल्याशिवाय परिणाम जिवाणूमार्फत झाला हे सिद्धच होत नाही. हा कंट्रोल ‘वेळ नाही’ म्हणून गाळलेला प्रबंध मी परत पाठवते.

मात्र याच कृमीच्या गुणसूत्रांत वोल्बाकियाच्या जनुकांचे जुने तुकडे सापडले आहेत. तेव्हा फक्त पीसीआरवर विसंबू नका, प्रतिपिंडाने रंगवून जिवाणू डोळ्यांनी पाहा.

नर आणि गर्भार मादी यांच्यातल्या जिवाणूंची सरळ तुलना करू नका. मादीत अंडाशय आणि गर्भ त्यांनी भरलेले असतात. जिवाणूच्या जनुकाचं कृमीच्या एखाद्या जनुकाशी गुणोत्तर काढा.

लोआ लोआ कृमीत वोल्बाकिया नाही, जंतात नाही, अंकुशकृमीतही नाही. ‘सर्व परजीवी कृमी’ असं वाक्य दिसलं की खोडा.

डासात हा जिवाणू प्रजननात ढवळाढवळ करतो, हत्तीरोगाच्या कृमीत तो प्रजनन चालवतो. एकाचे निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवू नका.

घरात हत्तीपायाचा रुग्ण असेल तर हे वाचून औषधाच्या दुकानातून परस्पर डॉक्सीसायक्लिन आणू नका. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना या आजारासाठी ते देत नाहीत, आणि इतरांनाही किती दिवस द्यायचं हे डॉक्टरच ठरवतात.