आयटीतली नोकरी गेल्यावर सर्टिफिकेशन निवडताना: पैसे भरण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी बघायचं ते हे, की कंपनीच्या ईमेलवर तुमचं काय काय अडकलंय. नोकरीत असताना दिलेल्या परीक्षा बऱ्याच जणांनी ऑफिसच्याच आयडीवरून दिलेल्या असतात आणि लॅपटॉप परत केला की तो मेलबॉक्स बंद होतो. मग मायक्रोसॉफ्टच्या किंवा एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या) खात्यात शिरताना येणारा ओटीपी कुठे जाणार? नोटीस पिरियड चालू असेल तर आजच स्वतःचा ईमेल त्या खात्यांना जोडा, क्रेडली या साइटवरचे तुमचे डिजिटल बॅज तपासा, प्रमाणपत्रांच्या पीडीएफ उतरवून घ्या आणि कॅन्डिडेट आयडी वहीत लिहून ठेवा. वेळ निघून गेली असेल तर सपोर्टला लिहावं लागेल, तेव्हा हाच आयडी उपयोगी पडतो. एचआरला परीक्षेच्या व्हाउचरबद्दलही (फीऐवजी चालणाऱ्या कूपनबद्दल) विचारा. ती कधी कधी वापराविना पडून असतात, मागायला संकोच करू नका. रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि पीएफच्या यूएएनचा पासवर्ड याच फायलीत ठेवा.

मग घरखर्च. हप्ता किंवा भाडं, मुलांची फी, किराणा, आईवडिलांची औषधं हे किती महिने निघेल ते कागदावर मांडा. ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, त्यामुळे घरच्यांचा आरोग्य विमा परीक्षेच्या फीच्या आधी येतो. त्यानंतर जे उरेल ते परीक्षेचं बजेट. एडब्ल्यूएस सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट या परीक्षेची फी १५० डॉलर, म्हणजे तेरा हजारांच्या आसपास, वर कर. सिस्कोच्या नेटवर्किंगच्या सीसीएनए परीक्षेला ३०० डॉलर. ही रक्कम दुप्पट धरूनच बजेट करा. का ते शेवटी सांगतो.

आता निवड. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून जास्त कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं, आणि त्यात मधल्या व वरच्या फळीतली माणसं जास्त असतील असंही सांगितलं. हिंजवडी, खराडी, ऐरोलीतल्या दहा-बारा वर्षांच्या अनुभवी माणसांनी फ्रेशरसाठी केलेल्या याद्या वाचून निर्णय घेऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं. फ्रेशरला दार उघडायला काहीतरी लागतं. तुमच्याकडे अनुभव आहे. तुमचं सर्टिफिकेशन त्या अनुभवाला टेकू देणारं हवं.

त्यासाठी वही घ्या आणि नोकरी डॉट कॉम किंवा लिंक्डइनवरच्या वीस-पंचवीस जाहिराती शेवटपर्यंत वाचा. तुमच्या शहरातल्या, तुमच्या अनुभवाच्या, आणि उद्या बोलावलं तर तुम्ही जाल अशाच. प्रत्येकीतलं सर्टिफिकेशन दोन रकान्यांत लिहा: ‘मॅन्डेटरी’ आणि ‘प्रिफर्ड’. तिसऱ्या रकान्यात कंपनी कसली आहे ते: सेवा देणारी, प्रॉडक्ट बनवणारी, की परदेशी कंपनीचं इथलं केंद्र. हा तिसरा रकाना लोक सोडून देतात, आणि खरी माहिती तिथेच असते. एडब्ल्यूएस किंवा मायक्रोसॉफ्टची पार्टनर असलेल्या कंपनीला आपला दर्जा टिकवायला ठरावीक संख्येने सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात. तिथे तुमचं प्रमाणपत्र थेट त्यांच्या गरजेचं असतं. प्रॉडक्ट कंपनीत तसं काही बंधन नसतं, तिथे मुलाखतीत काम करून दाखवण्याला जास्त वजन. वही भरली की एक-दोन नावं आपोआप वर येतात. त्यातलं तुमच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या कामाला सगळ्यात जवळचं असेल ते घ्या, आणि एकच घ्या.

विंडोज सर्व्हर, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी सांभाळत आला असाल तर मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडचं एझेड-१०४ जवळचं. नेटवर्कवाल्याला सीसीएनए, आणि ते आधीच झालं असेल तर त्याच्या पुढचं. मॅन्युअल टेस्टरला आयएसटीक्यूबी फाउंडेशन: ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर आले की पास, आणि ते कायमचं राहतं. पण नुसत्या त्यावर आज पुण्यात टेस्टिंगची जागा मिळणं कठीण आहे. सेलेनियम किंवा प्लेराइट या ऑटोमेशनच्या टूलवर लिहिलेला स्वतःचा छोटा प्रकल्प गिटहबवर हवाच. प्रकल्प व्यवस्थापनाच्या पीएमपीचा विचार असेल तर पदवीधराला प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. तो अनुभव खरा ठरवणारे जुने मॅनेजर अजून फोन उचलतात तोवरच अर्ज भरा. सीआयएसएसपीला सुरक्षेच्या क्षेत्रातली पाच वर्षं लागतात, म्हणून सपोर्टमधून थेट तिकडे उडी मारू नका. जावा डेव्हलपर असाल तर मी सरळ सांगेन: सर्टिफिकेशनचे पैसे वाचवा, कोड लिहा.

लिनक्सवाल्यांसाठी थोडं जास्त लिहितो, कारण रेड हॅटच्या आरएचसीएसएसारखी परीक्षा आजच्या घडीला सगळ्यात प्रामाणिक वाटते. पर्याय निवडायचे नसतात. समोर मशीन असतं आणि कामं करून दाखवायची: युजर, परवानग्या, एलव्हीएम (डिस्कची विभागणी), एसईलिनक्स (सुरक्षेचे नियम). ३०० पैकी २१० मिळाले की पास. मशीन रीबूट झाल्यावरही तुम्ही केलेलं टिकलं पाहिजे. डिस्क जोडण्याच्या एफएसटॅब फाइलमध्ये एक ओळ चुकली तर मशीन उठतच नाही, आणि आधी केलेलं सगळं बरोबर असून हातचं जातं. म्हणून सराव करताना प्रत्येक काम संपलं की रीबूट करून बघायचं, ही सवय अंगवळणी पाडा. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसचं सीकेए याच जातीचं: दोन तास, प्रत्यक्ष काम, अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडायला परवानगी आणि नापास झालात तर एक फेरपरीक्षा त्याच फीमध्ये.

एझेड-९०० किंवा क्लाउड प्रॅक्टिशनरसारख्या प्राथमिक परीक्षा आठ वर्षांच्या रेझ्युमेवर एकट्या शोभत नाहीत. क्लाउड अगदीच नवीन असेल तर त्यांचा अभ्यासक्रम जरूर वाचा, पण फी वरच्या परीक्षेसाठी ठेवा.

मुदत पाहिल्याशिवाय ठरवू नका. एडब्ल्यूएस आणि सिस्कोची प्रमाणपत्रं तीन वर्षं चालतात, सीकेए दोन. मायक्रोसॉफ्टचं एझेड-१०४ एकच वर्ष चालतं, पण नूतनीकरण ऑनलाइन आणि फुकट असतं. मुदतीआधीच्या सहा महिन्यांत ते करायचं, मुदत उलटली तर मात्र पुन्हा पूर्ण परीक्षा.

अभ्यासाचं साहित्य बहुतेक फुकट आहे. मायक्रोसॉफ्ट लर्न, एडब्ल्यूएसचं स्किल बिल्डर, एनपीटीईएलचे आयआयटीतले अभ्यासक्रम. खर्च हाताने करून बघण्यात येतो, आणि तिथे काटकसर नको. एडब्ल्यूएसच्या नव्या खात्याला आता २०० डॉलरपर्यंत क्रेडिट मिळतं आणि फुकट योजना सहा महिन्यांची असते, म्हणून खातं प्रत्यक्ष सराव सुरू करायच्या दिवशीच उघडा. उघडल्यावर पहिलं काम म्हणजे बजेट अलर्ट. एनएटी गेटवे (आतल्या सर्व्हरला इंटरनेटवर जाऊ देणारी सेवा) बनवून विसरलात तर त्यातून काही गेलं नाही तरी तासाचं भाडं चालूच राहतं. संध्याकाळी उठताना बनवलेलं सगळं पाडून उठा. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उभं करण्यातच खरा अभ्यास होतो.

मी इन्फ्राच्या, म्हणजे सर्व्हर-नेटवर्क सांभाळण्याच्या, जागांसाठी मुलाखती घेतो, म्हणून हे ठामपणे सांगतो. प्रमाणपत्र असलेल्याला मी विचारतो: प्रायव्हेट सबनेटमधल्या (इंटरनेटशी थेट न जोडलेल्या भागातल्या) सर्व्हरला इंटरनेटवरून अपडेट घेता येत नाहीयेत, कुठून बघायला सुरुवात कराल? पाठ केलेला माणूस ‘एनएटी गेटवे’ म्हणून थांबतो. ज्याने हात घातलाय तो विचारतो, गेटवे पब्लिक सबनेटमध्ये आहे ना, राउट टेबल कुठल्या सबनेटला जोडलंय, सिक्युरिटी ग्रुपचं आउटबाउंड उघडं आहे का. दोन मिनिटांत फरक कळतो.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्या क्लासला पैसे देण्याआधी करार घरी आणून वाचा. पुष्कळदा फी हप्त्यांत भरायची म्हणजे तुमच्या नावावर एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज निघतं, आणि क्लास सोडला तरी हप्ता सुटत नाही. सिबिल बिघडतो तो तुमचा. डम्प्सच्या, म्हणजे फुटलेल्या प्रश्नसंचांच्या, वाटेला जाऊ नका. ते वापरणं परीक्षेच्या करारात बसत नाही आणि प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. खोटं अनुभवपत्र देऊ करणारेही भेटतील. पार्श्वभूमी तपासणीत पीएफच्या नोंदी बघितल्या जातात, तिथे ते उघडं पडतं. सहा महिन्यांचा गॅप असेल तर तो तसाच लिहा. त्याची लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

परीक्षा बुक करताना आपल्याकडे नावाचा घोळ होतोच. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मधे, लग्नानंतर पॅनवर एक आणि पासपोर्टवर दुसरं. परीक्षेच्या खात्यातलं नाव दाखवणार त्या ओळखपत्रावरच्या नावाशी जुळलं नाही तर दारातून परत पाठवतात. पैसे भरण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. एडब्ल्यूएस इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना ३० मिनिटं जास्त देतं. ती आपोआप मिळत नाहीत, बुकिंगच्या आधी मागावी लागतात. सोल्यूशन्स आर्किटेक्टच्या १३० मिनिटांत ६५ लांबलचक प्रश्न असतात, तेव्हा ही सवलत सोडू नका. परीक्षा घरून देता येते, पण खोलीत दुसरं कुणी येता कामा नये, टेबल मोकळं हवं आणि वीज-इंटरनेट टिकलं पाहिजे. वन बीएचकेमध्ये लहान मुलं असतील तर सरळ केंद्रावर जा.

तारीख सहा-आठ आठवड्यांनंतरची घ्या आणि अर्ज आजपासूनच करा. रेझ्युमेवर परीक्षेचं नाव आणि ठरलेला महिना लिहिला तरी चालतं, फक्त ‘सर्टिफाइड’ असं आधीच लिहू नका. पास झालात तर एडब्ल्यूएस पुढच्या परीक्षेवर निम्मी सूट देतं, पण दुसरी परीक्षा नवी नोकरी लागल्यावर. एडब्ल्यूएसमध्ये नापास झालात तर १४ दिवस थांबावं लागतं आणि फी पुन्हा पूर्ण भरावी लागते. बजेट दुप्पट धरायला सांगितलं ते या दुसऱ्या प्रयत्नासाठी. निकालासोबत कुठल्या विभागात कमी पडलात ते लिहून येतं, ते १४ दिवस त्याच विभागाला द्या.