नवीन राऊटर घेतला की नेट फास्ट होतं का? घेण्याआधी हे चेक करा

घरात नेट स्लो झालं की कोणीतरी सांगतंच, राऊटर जुना झालाय, नवीन घे. मग ऑनलाइन बघायला गेलं की चार-चार अँटेनावाले राऊटर, खोक्यावर १२००, १५००, ३००० असे आकडे, आणि वाटतं हा लावला की झालं काम. कधी कधी खरंच होतं, फरक लगेच जाणवतो. पण बऱ्याच घरांत दोन-तीन हजार जातात आणि स्पीड आहे तिथेच राहतो, कारण अडलेलं असतं दुसरीकडेच कुठेतरी. म्हणून पैसे काढण्याआधी जरा वेळ काढा आणि स्पीड नक्की कुठे मरतोय ते शोधा, हे काम घरबसल्या जमतं, कोणाला बोलवायची गरज नाही.

आधी आकड्यांचं बघू. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल डाऊनलोड होताना कॉम्प्युटर बऱ्याचदा मेगाबाइट दाखवतो, ८ बिटचा एक बाइट, त्यामुळे १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) प्लॅनवर डाऊनलोड सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या वर जाणारच नाही. ११-१२ दिसत असेल तर तुमचं नेट व्यवस्थित चालू आहे, काहीही विकत घेऊ नका. आणि प्लॅनच ४० चा असेल तर कितीही भारी राऊटर आणा, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. महिनाअखेरीलाच स्लो होत असेल तर डेटा वापर तपासा, अनलिमिटेड म्हणून विकलेल्या बऱ्याच प्लॅनला महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, ती संपली की स्पीड खाली आणतात.

आता खरी टेस्ट. लॅपटॉप थेट लॅन केबलने राऊटरला जोडा (पातळ लॅपटॉपला पोर्ट नसतो, मग यूएसबीचा लॅन अडॅप्टर लागतो, गिगाबिटवाला, म्हणजे १००० एमबीपीएसचा, बघा), लॅपटॉपचं वायफाय बंद करा, बाकीच्यांना पाच मिनिटं मोबाईल-टीव्ही थांबवायला सांगा आणि स्पीड टेस्ट घ्या. एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊ-दहाला, कारण रात्री सगळी सोसायटी ऑनलाइन असते.

वायरवरही स्पीड कमीच येतोय? मग राऊटर घ्यायचा विचार बाजूला ठेवा. तो एकदा रीस्टार्ट करून बघा, फायबरची बारीक वायर कपाटामागे किंवा दाराच्या फटीत काटकोनात दबलीय का बघा, नेटवाल्याने बसवलेल्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागत असेल तर सिग्नलच येत नाहीये. बाकी सगळं ठीक असेल तर नेटवाल्याला फोन करा, आणि वायरवर घेतलेल्या टेस्टचे स्क्रीनशॉट पाठवा. नुसतं 'नेट स्लो आहे' म्हटलं की तिकडून लगेच वायफायवर ढकलतात, वायरचा आकडा समोर असला की तसं करता येत नाही.

वायरवर बरोबर ९३-९५ वर येऊन अडतंय आणि प्लॅन २०० किंवा ३०० चा आहे? ही केस खूप घरांत असते आणि लोकांच्या लक्षातच येत नाही. प्लॅन वाढवतात, पैसे भरतात आणि स्पीड ९४ चा ९४. याचा अर्थ मध्ये कुठेतरी १०० एमबीपीएसवर अडवणारा टप्पा आहे. एकतर राऊटरचे पोर्टच १०० चे असतात, टीपी-लिंकचा आर्चर सी२० घराघरात दिसतो त्याचे पोर्ट १०० चेच आहेत, वायफाय ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालणारं) असलं तरी. नाहीतर केबलमध्ये गडबड असते, गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात, त्यामुळे काही ठिकाणी चारच तारा कनेक्टरमध्ये क्रिम्प केलेल्या (दाबून बसवलेल्या) सापडतात. कनेक्टर पारदर्शक असतो, डोळ्यांनी तारा मोजा. विंडोजमध्ये इथरनेटच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो, तिथे १००/१०० असेल तर शंका खरी. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची नवीन केबल राऊटरपेक्षा कितीतरी स्वस्त पडते, म्हणून आधी ती बदला आणि मगच राऊटरकडे बघा.

आणि वायरवर पूर्ण स्पीड पण मोबाईलवर रडतंय, तर प्रॉब्लेम वायफायचा. इथे राऊटरचा नंबर लागतो, पण त्याच्याही आधी जागेचा. केबलवाल्याला सोपं पडतं म्हणून डबा दारामागे, टीव्ही युनिटच्या आत नाहीतर लोखंडी कपाटाच्या डोक्यावर बसवलेला असतो. धातू, आरसा, पाण्याची टाकी, फिशटँक हे सगळे सिग्नल खातात, कोकणातल्या जाड चिऱ्याच्या भिंती तर विचारूच नका. डबा घराच्या मध्यावर, मोकळ्यावर, छातीएवढ्या उंचीवर आणून बघा, लागलं तर लांब केबल ओढून घ्या.

मग बँड बघा. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं पण त्यात एकमेकांवर न येणारी चॅनल फक्त तीन, १, ६ आणि ११, आणि बिल्डिंगमध्ये वीस-पंचवीस वायफाय असतील तर सगळे त्यातच कोंबलेले, वर ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर पण भिंती जमत नाहीत. अँड्रॉइड फोनमध्ये वायफायच्या माहितीत लिंक स्पीड बघा, ७२ दिसत असेल तर तुम्ही २.४ वर आहात आणि प्रत्यक्षात ४०-५० च्या पुढे जाणार नाही, ४३३ किंवा ८६६ दिसलं तर ५ वर. दोन्ही बँडला वेगवेगळी नावं देऊन टीव्ही, लॅपटॉप ५ वर टाका.

डब्यात ५ चा बँडच नसेल, तर मात्र अपग्रेडने फरक पडतोच पडतो आणि इथे मी बिनधास्त घ्या म्हणेन. पण आधी नेटवाल्याकडे ड्युअल बँडचा डबा मागून बघा, कधी कधी बदलून देतात. विकत घेताना सगळे पोर्ट गिगाबिट आहेत का ते पहिलं वाचा. खोक्यावरचा १२०० म्हणजे ३०० अधिक ८६७ अशी दोन बँडची गोळाबेरीज, एका फोनला तेवढं कधीच मिळत नाही. वायफाय ६ (वायफाय ५ च्या पुढची पिढी) घ्यायला हरकत नाही, घरात खूप डिव्हाइस असतील तर उपयोग होतो, पण फोन वायफाय ५ वाला असेल तर तो त्याच्याच हिशोबाने चालणार. आणि हेही बघा की गरज किती, नेटफ्लिक्सच ४के साठी १५ एमबीपीएस पुरे म्हणतं.

घर मोठं किंवा दुमजली असेल तर एका राऊटरकडून चमत्काराची अपेक्षा करू नका. स्वस्त रिपीटर घेतला तर कांड्या फुल दिसतात पण स्पीड साधारण अर्धा होतो, कारण तो एकाच बँडवर ऐकतो आणि त्याच बँडवर पुढे पाठवतो. वरच्या मजल्यापर्यंत केबल टाकून तिथे दुसरा राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये (स्वतःचं वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय देणारा) लावा, मेश (एकाच नावाचं वायफाय देणारी दोन-तीन युनिट) घेतलात तरी युनिट शक्यतो केबलनेच जोडा.

नवीन राऊटर जुन्या डब्याच्या मागे लावताना हा मोड विसरू नका, नाहीतर दोन्ही राऊटर आपापलं नेटवर्क चालवतात आणि गेमिंग, सीसीटीव्ही, प्रिंटर यांना त्रास होतो. किंवा नेटवाल्याला डबा ब्रिज मोडमध्ये टाकून द्यायला सांगा, म्हणजे डबा फक्त नेट पुढे देतो आणि राऊटरचं काम नवीन राऊटर करतो, त्यासाठी पीपीपीओईचा (नेट कनेक्शनच्या लॉगिनचा) युजरनेम-पासवर्ड लागला तर तो नेटवाल्याकडूनच मिळतो. आणि नवीन राऊटर चालू झाला की जुन्या डब्याचं वायफाय बंद करा, नाहीतर फोन जुन्यालाच चिकटून बसतो.